पावसातली आगगाडी आणि नातवंडाचा कॅमेरा

मराठी बालगीतातली आगगाडी मामाच्या गावाला जात असे. शाळेला सुट्टी लागली की होल्डॉल, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा घेऊन मुले आजोळी निघत. आता प्रवासाची दिशा बदलली आहे. मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त परप्रांतात स्थायिक होते, नातवंडे तिथल्या शाळेत जातात आणि आजी-आजोबाच गाडीत बसून त्यांच्याकडे जातात. सोलापूरहून, पुण्याहून वा मुंबईहून चेन्नईला जाणाऱ्या गाड्यांत असे ज्येष्ठ प्रवासी हमखास भेटतात. मुंबईहून निघालेला लोहमार्ग आणि मद्रासहून निघालेला लोहमार्ग १८७१ साली रायचूर येथे एकमेकांना मिळाले. त्यानंतर हा प्रवास शक्य झाला आणि आज त्याच मार्गाने आजोबा नातवंडांना भेटायला जातात.

भेटीचे पहिले आठ दिवस उत्साहात सरतात. मग प्रश्न उभा राहतो तो वेळेचा. शेजारी तमिळ बोलतात, वर्तमानपत्र मराठी नसते, नातवंड शाळा आणि शिकवणीत गुंतलेले असते आणि रविवारी नेमका पाऊस येतो. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला हा पाऊस थोडा चकवतोच. आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास आकाश मोकळे होते, तर चेन्नईत त्याच वेळी ईशान्य मोसमी पावसाला सुरुवात होते. तिथल्या वर्षभराच्या पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. अशा दिवशी घरातील तीन पिढ्या तीन निरनिराळ्या पडद्यांसमोर बसलेल्या दिसल्या, तर नवल नाही.

या कोंडीतून निघण्याचा एक साधा, जवळजवळ बिनखर्चाचा मार्ग आहे. नातवंडाला गाडीत घ्यावे, हाती कॅमेरा द्यावा आणि आगगाड्यांची छायाचित्रे काढायला जावे. हा केवळ वेळ घालवण्याचा उपाय नव्हे. दोन पिढ्यांना एकमेकांशी बोलण्यास विषय देणारा असा दुसरा छंद सहजी सापडत नाही.

रेल्वे नसलेल्या गावातून

उदाहरणासाठी चेन्नईच्या दक्षिणेस असलेले कोवलम घेऊ. केरळातील प्रसिद्ध कोवलम ते वेगळे. हे कोवलम चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या पूर्व किनारा रस्त्यावरचे कोळ्यांचे जुने गाव आहे. इथल्या किल्ल्यासाठी इंग्रज व फ्रेंच झगडले आणि १७५२ मध्ये क्लाइव्हने तो घेतला. स्वच्छ किनाऱ्यांना दिले जाणारे 'ब्लू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय मानांकन इथल्या किनाऱ्याला २०२१ मध्ये मिळाले. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये उभी राहिली आणि त्यांच्यामागोमाग देशभरातील कुटुंबे या पट्ट्यात राहावयास आली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत.

कोवलमला समुद्र आहे, मासळी आहे, खाडी आहे. रेल्वे मात्र नाही. गाडी पाहायची तर केळंबाक्कमवरून पश्चिमेस वंडलूरपर्यंत वीस-पंचवीस किलोमीटर जावे लागते. तिथे चेन्नई बीच–तांबरम–चेंगलपट्टू हा उपनगरी गाड्यांचा आणि दक्षिणेकडे धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा मार्ग भेटतो. आणखी पुढे चेंगलपट्टूजवळ तो कोलवाई तलावाच्या काठाने जातो. पावसाळ्यात तलाव भरलेला असतो, आकाश खाली उतरलेले असते आणि त्या करड्या पटावरून गाडीची रेघ सरकत जाते.

रेल्वे दाराशी नसणे हेच या सहलीचे भाग्य म्हणावे लागेल. दारासमोरून दर पाच मिनिटांनी गाडी जात असेल, तर तिच्याकडे कोणी मान वळवून पाहत नाही. मुद्दाम जावे लागले की तयारी करावी लागते. वेळापत्रक पाहणे, कोणती गाडी केव्हा येईल याचा अंदाज बांधणे, छत्री आणि कोरडा पंचा बरोबर घेणे ही सारी तयारी आठ-नऊ वर्षांच्या मुलीवर सोपवली, तर ती आजोबांहून चोख करते. पुढे अर्धा तास गाडीत बसून खिडकीच्या काचेवरचे ओघळ पाहत गप्पा होतात. शहरी कुटुंबात असा अर्धा तास सहसा कोणाला मिळत नाही.

धूर, आग आणि वाघीण

परप्रांतात वाढणाऱ्या नातवंडांविषयी आजी-आजोबांची एक खंत सर्वत्र ऐकू येते. मुलांना मराठी समजते, पण ती बोलत नाहीत. त्यावर पाठांतराचा आणि बाराखडीचा उपाय केला जातो. मुले कंटाळतात. भाषा पुस्तकातून येण्याआधी वस्तूंमधून येते, ही गोष्ट लोहमार्गाच्या कडेला उभे राहिल्यावर लक्षात येते. रूळ, खडी, सांधा, फाटक, डबा, फलाट हे शब्द समोर दिसणाऱ्या वस्तूंना चिकटून येतात आणि मनात राहतात. मालगाडीच्या डब्याला मराठीत 'वाघीण' म्हणतात, हे कळल्यावर मूल खदखदून हसते. इंग्रजी 'वॅगन'ला मराठी जिभेने दिलेले हे रूप आहे. मग मालगाडी येताच किती वाघिणी गेल्या याची मोजणी सुरू होते आणि मराठी आकड्यांची उजळणी न सांगता होते. एकोणचाळीस, एकोणपन्नास आणि एकोणसाठ यांत मोठी माणसेही अडखळतात, हे पाहून तर आनंदाला पारावार राहत नाही.

देवाणघेवाण एकतर्फी होत नाही. चेन्नईत वाढलेली नात आजोबांना सांगू शकते, की तमिळमध्ये आगगाडीला 'पुगैवंडी' म्हणतात. 'पुगै' म्हणजे धूर, 'वंडी' म्हणजे गाडी. मराठी माणसाला त्या यंत्राच्या पोटातली आग दिसली, तमिळ माणसाला डोक्यावरचा धूर दिसला. आज दोन्ही नाहीत. चेन्नईच्या उपनगरी गाड्या विजेवर चालतात, मुंबईत तर विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ पासून धावत आहे. पेरांबूरच्या कार्यशाळेने १८५५ सालचे एक वाफेचे इंजिन २०१० मध्ये पुन्हा चालते केले. अशा एखाद्या वारशापुरताच धूर उरला आहे. तरी दोन्ही भाषांनी तो शब्दांत जपून ठेवला. वस्तू गेली तरी शब्द मागे राहतो आणि त्याच्या आधाराने वस्तूची गोष्ट सांगता येते. भाषा मुलांपर्यंत का पोहोचवायची, याचे याहून सोपे उत्तर देणे कठीण आहे.

आज नेहमीचे, उद्या दुर्मिळ

एक आक्षेप अपेक्षित आहे. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो. रोज असंख्य छायाचित्रे निघतात. त्यांत पावसात भिजणाऱ्या रेल्वे डब्यांची भर घालून काय साधणार?

या आक्षेपाचे उत्तर वंडलूरचेच रूळ देतात. याच मार्गाच्या बीच ते तांबरम या भागावर १९३१ साली मीटरगेजवर विजेच्या उपनगरी गाड्या सुरू झाल्या. तीन पिढ्यांनी त्यांतून कचेरीला, शाळेला, बाजाराला ये-जा केली. त्या गाड्या इतक्या नेहमीच्या होत्या, की त्यांचे छायाचित्र काढावे असे फारच थोड्यांना वाटले. २००४ मध्ये त्या बंद झाल्या. त्यापूर्वी एखाद्या आजोबांनी नातवाला फलाटावर उभे करून मागे ती गाडी टिपली असेल, तर ते छायाचित्र आज कुटुंबाच्या आठवणीखेरीज शहराच्या इतिहासाचाही पुरावा आहे.

महाराष्ट्रातही हेच घडले. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी–बार्शी मार्गावर सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ पर्यंत मिरजेपर्यंत पोहोचली. विठ्ठलाच्या वारीला निघालेल्या कितीतरी माणसांनी तिच्यातून प्रवास केला. २००० नंतरच्या सुमारे दहा वर्षांत तो मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाला आणि छोटी गाडी गेली. सोलापूर-लातूरकडच्या घरांतील जुने आल्बम उघडले तर लग्ने, मुंजी, बारशी सापडतात. ज्या गाडीने नवरी सासरी आली आणि मुलगा पहिल्या नोकरीला गेला, ती गाडी मात्र अपवादानेच दिसते. कॅमेरा प्रसंगी बाहेर निघत असे आणि रोजचे आयुष्य प्रसंग म्हणून गणले जात नसे.

आज तेच निळ्या डब्यांच्या बाबतीत घडत आहे. चेन्नईच्या पेरांबूर येथील इंटिग्रल कोच फॅक्टरी १९५५ मध्ये सुरू झाली. तिथे घडलेल्या डब्यांतून भारतातील किमान दोन पिढ्यांनी प्रवास केला. आजोबा पहिल्या नेमणुकीच्या गावी गेले ते बहुधा याच घडणीच्या डब्यातून. आजी तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन माहेरी आली, तीही यातूनच. जानेवारी २०१८ मध्ये या जुन्या घडणीचा शेवटचा डबा कारखान्याबाहेर पडला. जर्मन बनावटीवर आधारलेल्या 'एलएचबी' डब्यांनी त्यांची जागा घेण्यास आधीच सुरुवात केली होती. त्याच वर्षी त्याच कारखान्यातून 'ट्रेन १८' बाहेर आली, जी पुढे 'वंदे भारत' म्हणून ओळखली जाऊ लागली. चेन्नई एग्मोरहून तिरुनेलवेलीला जाणारी वंदे भारत सप्टेंबर २०२३ पासून याच चेंगलपट्टूच्या मार्गाने धावते.

नातीला साहजिकच वंदे भारतचे छायाचित्र हवे असते, आजोबांची नजर मात्र निळ्या डब्यावर खिळते. दोन्ही गाड्या एकाच शहरात, एकाच कारखान्यात घडलेल्या. एकीत आजोबांचे तारुण्य गेले, दुसरीत नातीचे जाईल. दोन्ही छायाचित्रे शेजारी शेजारी लावली, की शाळेच्या पुस्तकात न सापडणारा एक धडा तयार होतो.

पावसातला प्रकाश

पावसाळी दिवस छायाचित्रणाला वाईट, हा समज खरा नाही. ढगाळ आकाशात प्रकाश सर्वत्र सारखा पसरतो, सावल्या काळ्याकुट्ट पडत नाहीत, हिरवा रंग गडद होतो आणि ओल्या फलाटावर इंजिनाच्या दिव्याचे लांबलचक प्रतिबिंब पडते. इंग्लंडचा चित्रकार टर्नर याने पावसातून झेपावणाऱ्या आगगाडीचे जगप्रसिद्ध चित्र १८४४ मध्ये प्रदर्शित केले. तेव्हा तो एकोणसत्तर वर्षांचा होता. त्या चित्रात गाडीच्या पुढे रुळांवरून एक ससा पळताना दाखवला आहे. तो आता इतका पुसट झाला आहे, की शोधावा लागतो. तो शोधण्याचे काम घरच्या बालकावर सोपवावे.

चलच्चित्राचा इतिहासही गाडीपासून फारसा दूर नाही. ल्युमिएर बंधूंचे चित्रपट मुंबईत वॉटसन हॉटेलात प्रथम दाखवले गेले ते ७ जुलै १८९६ रोजी, म्हणजे भर पावसाळ्यात. त्या खेळातील एका चित्रपटात स्थानकात येणारी आगगाडी होती. येणाऱ्या गाडीकडे डोळे लावून बसण्याचा मोह तेव्हापासूनचा आहे.

तंत्र थोडेच लागते. धावती गाडी स्पष्ट हवी असेल, तर कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतका वा त्याहून कमी काळ उघडा राहावा. पावसात प्रकाश कमी असल्याने संवेदनशीलता वाढवावी लागते. गाडी आडवी जाताना वेग अधिक जाणवतो; तिरकी, आपल्या दिशेने येताना ती टिपणे सोपे जाते. भ्रमणध्वनीचा कॅमेरा असेल तर गाडी जिथे येणार, त्या जागेवर आधीच नेम धरावा. गाडीच्या काचेआडून काढलेल्या छायाचित्रात थेंब स्पष्ट आणि आगगाडी अस्पष्ट आली, तर ते चुकले असे समजू नये. पावसाळी दिवसाचे ते अधिक खरे चित्र असू शकते.

सर्वांत महत्त्वाचे हे, की कॅमेरा मुलाच्या हाती असावा. मोठ्यांच्या सूचनांनी काढलेले छायाचित्र मोठ्यांचेच होते. आठ वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून चाके मोठी दिसतात, फाटकवाल्याचा हिरवा बावटा डोक्यावर फडकतो. एखाद्या वेळी ते गाडी सोडून पावसात भिजणाऱ्या कुत्र्याचेच छायाचित्र काढते. काढू द्यावे.

मर्यादा पाळूनच

हा छंद सुरक्षित राहिला तरच छंद. रुळांवर वा रुळांच्या कडेला जाऊन छायाचित्रे काढताना माणसे दगावल्याच्या बातम्या वारंवार येतात. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार परवानगीवाचून रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा गुन्हा आहे. विजेच्या गाड्या फार आवाज न करता येतात आणि पावसाच्या सरीत तोही ऐकू येत नाही. म्हणून जागा निवडायची ती रस्त्यावरची, कुंपणाबाहेरची, पदपथ असलेल्या पुलावरची किंवा तलावाच्या पल्याडची. स्थानकात जायचे तर फलाटाचे तिकीट काढून, कर्तव्यावरील अधिकाऱ्यांना विचारून आणि पिवळ्या रेषेच्या बऱ्याच आत उभे राहून. चालकाच्या डोळ्यांवर फ्लॅश कधीही टाकू नये. जो मोटार चालवतो, त्याने चालवताना छायाचित्र काढू नये.

पावसाचाही मान राखावा. डिसेंबर २०१५ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मधील 'मिचौंग' चक्रीवादळात चेन्नई पाण्याखाली गेली, उपनगरी गाड्या थांबवाव्या लागल्या. हवामान खात्याने इशारा दिला असेल, तर त्या दिवशी घरीच बसावे. कोकण रेल्वेसारखी संस्थासुद्धा पावसाळ्यात वेगळे वेळापत्रक लावते आणि गाड्यांचा वेग कमी करते. निसर्गापुढे थांबण्यात कमीपणा नाही, हे मुलांनी शिकावे असे वाटत असेल, तर मोठ्यांनी आधी थांबून दाखवावे लागेल. सर जोरदार असेल तेव्हा संग्रहालयाचा पर्याय असतोच. चेन्नईत पेरांबूरच्या कारखान्याशेजारी रेल्वे संग्रहालय आहे, नागपुरात मोतीबाग येथे नॅरोगेज संग्रहालय आहे आणि पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभारलेले, १९९८ मध्ये खुले झालेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय आहे. छंद माणसाला कुठवर नेतो, हे पाहायला तरी तिथे जावे.

नोंद असेल तर ठेव

छायाचित्र काढून काम संपत नाही. नोंद नसलेले छायाचित्र आणि पासबुकात न चढलेली ठेव यांची अवस्था सारखीच. पुढे दावा कशाच्या आधारे सांगणार? तारीख, ठिकाण, गाडीचे नाव, पाऊस होता की नुसते ढग, सोबत कोण होते, एवढे चार शब्द मुलाच्या हस्ताक्षरात मराठीत लिहून घ्यावेत. वर्षाकाठी निवडक बारा छायाचित्रे कागदावर छापून आल्बमात लावावीत, बाकीची दोन निरनिराळ्या ठिकाणी साठवावीत. भ्रमणध्वनी बदलला, हरवला किंवा पाण्यात पडला, की त्यातील बालपण कायमचे जाते, हा अनुभव आता पुष्कळ घरांनी घेतला आहे. आजी-आजोबांनीही आपल्या बाजूने एक करावे. प्रत्येक छायाचित्रामागे आपली एक आठवण लिहावी. पहिली नोकरी, चुकलेली गाडी, फलाटावर पाहिलेला निरोप, मध्यरात्री एखाद्या जंक्शनवर प्यायलेला चहा. मुले आजोबांना 'तुमच्या आयुष्याविषयी सांगा' असे कधी म्हणत नाहीत. 'या गाडीतून तुम्ही कुठे गेला होता?' असे मात्र विचारतात.

आगगाडीच्या छायाचित्रणात गाडी प्रत्यक्ष समोर असते ती जेमतेम अर्धा मिनिट. उरलेला सारा वेळ वाट पाहण्याचा असतो. फाटक पडलेले, सिग्नल तांबडा, पाऊस लागलेला, डब्यातली भाकरी-चटणी उघडलेली आणि शेजारी प्रश्न विचारणारे मूल. घाईच्या काळात मुलांना जवळजवळ सर्व काही विकत मिळते. कोणाच्या तरी सोबतीने निवांत वाट पाहणे मात्र विकत मिळत नाही. ते देऊ शकणारी माणसे घरात आहेत आणि त्यांच्याजवळ वेळही आहे. पुढल्या पावसाळी रविवारी कोवलमच्या असोत वा कल्याणच्या, कुर्डुवाडीच्या असोत वा कुडाळच्या, आजी-आजोबांनी नातवंडाला इतकेच विचारावे: चल, गाड्या पाहायला येतोस?